वरच्या मजल्यांना कुलूप

नोव्हेंबर महिना आला की आम्हा पेन्शनर मंडळींना आपण अजून जिवंत आहोत असं बँकेला कळवावं लागतं. आता हे काम घरबसल्या मोबाइलवर होतं. मुलगा दर वर्षी तसं बजावतो आणि दर वर्षी मी त्याचं न ऐकता फोर्टात जातो. नोकरीतली सुरुवातीची अकरा आणि मधली सहा वर्षं ज्या रस्त्यांवर गेली, तिथं वर्षातून एकदा हजेरी लावावी, एवढाच त्यामागचा हेतू. हयातीचा दाखला हे निमित्त.

२०२५ सालच्या नोव्हेंबरात मात्र जाण्यात थोडी नवलाई होती. भुयारी मेट्रो आदल्याच महिन्यात थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली होती. मरोळ नाक्याला डब्यात शिरलो तेव्हा उभं राहायलाही जेमतेम जागा होती. सगळी तरुण मंडळी, गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर सॅक, कानात काहीतरी खुपसलेलं. वांद्रे-कुर्ला संकुलाचं स्टेशन आलं आणि धान्याचं पोतं उलटं करावं तसा डबा रिकामा झाला. मला बसायला जागा मिळाली. पुढं धारावी, दादर, वरळी करत गाडी हुतात्मा चौकात पोहोचली, तेव्हा आमच्या डब्यातून उतरलेली माणसं मी सहज मोजू शकलो. त्यातले दोघे वकील होते, तिघं-चौघं फिरायला आलेली कॉलेजची पोरं आणि एक मी.

चाळीसएक वर्षांपूर्वी याच वेळेला चर्चगेट आणि व्हीटीहून निघणारे माणसांचे दोन लोंढे फ्लोरा फाउंटनपाशी एकमेकांत मिसळत. त्या गर्दीत तुम्हाला चालावं लागत नसे. गर्दीच तुम्हाला ऑफिसच्या दारापर्यंत नेऊन सोडी.

दाखला दिला तो फोर्टातल्या दुसऱ्या एका शाखेत. मी १९८१ साली ज्या शाखेत नोकरीला लागलो, ती आता तिथं नाही. ती का नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण ती हलवावी अशी शिफारस करणारी ऑफिस नोट मीच लिहिली होती. त्या नोटेविषयी पुढं सांगतोच. आधी जरा फोर्टात फिरून येऊ.

रस्त्यावरून नजर समोर ठेवून चाललात, तर फोर्टाला काही झालंय असं तुम्हाला वाटणार नाही. उलट, आमच्या वेळेपेक्षा सगळं देखणं झालंय. १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन दुरुस्त होऊन २०१९मध्ये पुन्हा खळाळू लागलं. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली परदेशी कंपनीची कॉफी मिळते. त्या कंपनीनं भारतातलं आपलं पहिलं दुकान २०१२ साली इथंच, एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये थाटलं. एका कपाच्या किमतीत आम्ही महिन्याभराचा चहा पीत होतो, हे तिथल्या मुलाला सांगायचा मोह मी आवरला. म्हातारी माणसं हेच सांगतात, असं त्याला वाटलं असतं आणि ते खरंही आहे.

पण मान वर करा. पहिल्या मजल्याच्या वर बघा. रंग उडालेल्या लाकडी झिलमिल्या, फुटलेल्या काचांच्या जागी पुठ्ठे, भिंतीच्या भेगेतून डोकावणारं पिंपळाचं रोप. गल्लीतल्या एखाद्या जिन्यात शिरा. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. एवढी माणसं चढली-उतरली आहेत त्यांच्यावरून. भिंतीवर पितळी आणि लाकडी पाट्यांची रांग : सॉलिसिटर, जहाज कंपनीचे एजंट, विमा सर्व्हेअर, कापडाचे कमिशन एजंट, चार्टर्ड अकाउंटंट. पाट्या आहेत, माणसं नाहीत. दुसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. खाली जमिनीलगत जो लखलखाट आहे, तो या बंद मजल्यांच्या पायाशी लावलेल्या पणतीसारखा आहे. फोर्ट तळमजल्यावर जगतंय आणि वरून मरतंय.

असं का झालं, याची उत्तरं लोक दोन वाक्यांत देतात. एक, बीकेसी झालं. दोन, भाडेनियंत्रण कायद्यानं वाट लावली. दोन्ही खरी आहेत, पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तिसरं एक कारण आधी दिसतं. ते म्हणजे कागद.

फोर्टातल्या सगळ्या कचेऱ्या एकमेकींना खेटून का होत्या? हौसेनं नव्हे. कागद हातानं न्यावा लागे म्हणून. आमच्या शाखेत सकाळी जमा झालेले चेक दुपारी बॅगेत भरून शिपाई रिझर्व्ह बँकेच्या क्लिअरिंग हाउसला घेऊन जात असे. वेळ चुकली तर लाखो रुपयांचं एक दिवसाचं व्याज बुडे आणि मग साहेब शिपायाला नव्हे, तर पासिंग ऑफिसरला, म्हणजे मला, फैलावर घेत. म्हणून बँक रिझर्व्ह बँकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी. बँकेजवळ तिचे मोठे खातेदार हवेत. खातेदारांजवळ त्यांचे सॉलिसिटर आणि सॉलिसिटरांजवळ हायकोर्ट. शेअर विकला की सर्टिफिकेटला ट्रान्स्फर फॉर्म जोडायचा, त्यावर सही, स्टॅम्प, मग तो गठ्ठा दलालाकडून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे. सही जुळली नाही की उलट प्रवास. ही सगळी ने-आण करणारी दोन-तीनशे पावलांच्या टप्प्यातली माणसं म्हणजेच फोर्ट होतं.

आणि कागद म्हटला की त्याच्या मागे त्याचं गणगोत आलं. कागद विकणारे, छापणारे, शिवणारे. लेजरांना पुठ्ठा बांधून देणारे बाइंडर. फूटपाथवर छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसलेले टायपिस्ट, जे अफिडेव्हिटचा मसुदा वकिलापेक्षा चांगला जाणत. स्टॅम्प व्हेंडर, नोटरी, फाउंटन पेनची निब बदलून देणारे, सायक्लोस्टाइलवाले आणि त्यांच्या पोटावर पाय देऊन आलेले झेरॉक्सवाले. या सर्वांना चहा पुरवणारे, चहावाल्यांना दूध पुरवणारे. उडुप्याकडे साडेबाराला टेबलासाठी मागे उभं राहायचं, इराण्याकडे ब्रुन-मस्का खात उधारीवर वर्तमानपत्र वाचायचं. डबेवाल्याचा आपला डबा ओळखायचा तो खुणेवरून नव्हे, वासावरून. महिन्याच्या एक तारखेला चप्पलवाला, छत्रीवाला, रुमालवाला सगळे खुशीत असत. आमचा पगार त्या गल्ल्यांमधूनच थोडाथोडा झिरपत घरी जाई.

आमच्या शाखेच्या जिन्याखाली चार बाय पाच फुटांच्या जागेत रबरी शिक्के करून देणारे एक काका बसत. गावचे कुठलेसे कोकणातले. 'खाते बंद', 'मूळ प्रतीबरहुकूम', 'आदात्याची सही जुळत नाही' – असले शिक्के ते उलट्या अक्षरांत इतक्या सफाईनं कोरत की छापा बघत राहावं. बँकेचं वर्षाचं काम त्यांना मिळे. शिवाय वरच्या तीन मजल्यांवरच्या बारा-पंधरा कचेऱ्यांचं. माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवताना त्यावर मारायला नाव-पत्त्याचा शिक्का त्यांनी मला फुकट करून दिला होता. 'साहेब, पुस्तक छापलं की एक प्रत द्या,' म्हणाले. दिली. वाचली की नाही ठाऊक नाही.

मग कागद निघून गेला. एका रात्रीत नाही, पण फार सावकाशही नाही. १९९५च्या मार्चपासून मुंबई शेअर बाजारातले व्यवहार संगणकावर होऊ लागले आणि हातवारे करून ओरडणारे दलाल रिंगणातून दिसेनासे झाले. १९९६मध्ये डिमॅट आलं आणि सर्टिफिकेटांचे गठ्ठे गेले. २०१३च्या सुमारास चेकची नुसती प्रतिमा पाठवण्याची पद्धत मुंबईत रुळली आणि बॅग घेऊन धावणारा शिपाई इतिहासजमा झाला. त्यानंतर बँकांची विलीनीकरणं. २०१७, २०१९, २०२०. वृत्तपत्रांत त्याचे मोठमोठे मथळे आले. पण दोन बँका एक झाल्या की एकाच रस्त्यावरच्या दोन शाखांपैकी एक बंद होते, हे मथळ्यात येत नाही. भारतातल्या बँकांची जितकी दाटी फोर्टात होती तितकी क्वचितच कुठं असेल. साहजिकच तिथं शटरंही जास्त पडली.

आता भाड्याचं सांगतो. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जवळजवळ १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवून टाकली. महायुद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या धामधुमीत भाडेकरूंना वाचवायला हे करणं भागच होतं. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. त्याचा आडोसा कोणाला मिळाला? चाळीतल्या गिरणी कामगाराला मिळाला, हे योग्यच. पण तोच आडोसा आमच्या बँकेलाही मिळाला. तळमजल्यावरच्या उंच छताच्या प्रशस्त हॉलसाठी आणि वरच्या माळ्यासाठी बँक महिन्याला जे भाडं भरत होती, त्याहून जास्त पैसे आमचा मॅनेजर महिन्याला सिगरेटवर उडवत असे. मालक म्हणजे एक वयस्कर गृहस्थ, अतिशय सभ्य. गळणाऱ्या छताची तक्रार घेऊन गेलो की ते शांतपणे म्हणत, 'तुमचं वर्षाचं भाडं आणि एका दिवसाचा गवंडी, दोन्हींचा हिशेब करून सांगा.' काय सांगणार?

१९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवलेली भाडी आता अन्यायकारक झाली आहेत असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर राज्याचा १९९९चा नवा भाडेनियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यानं सामान्य भाडेकरूला वर्षाला चार टक्के वाढीवर संरक्षण चालू ठेवलं, पण बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. कोट्यवधींचा नफा कमावणाऱ्या बँकेनं एका म्हाताऱ्या घरमालकाच्या जिवावर का जगावं? पण फोर्टावर त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांच्यामुळं रोज हजारो पावलं या भागात वळत, नेमक्या त्याच मोठ्या भाडेकरूंना एकदम बाजारभाव मोजायची वेळ आली. आणि जे छोटे, ज्यांना दुरुस्तीसाठी पै मोजणं परवडत नाही, ते जुन्या भाड्यात तसेच राहिले.

त्या वेळी मी झोनल ऑफिसला जागांचं खातं सांभाळत होतो. मालकांच्या नोटिसांचा टेबलावर ढीग. दोन-तीन वर्षं घासाघीस करण्यात गेली. एके दिवशी माझ्याच जुन्या शाखेची फाइल समोर आली. मालकांनी, म्हणजे आता त्यांच्या मुलांनी, मागितलेलं भाडं बीकेसीतल्या नव्या इमारतीच्या दराच्या फार खाली नव्हतं. तिथं लिफ्ट, जनरेटर, पार्किंग, केबलसाठी खोट्या तक्तपोशीची सोय. इथं पावसाळ्यात लॉकर-रूममध्ये बादल्या. मी चार पानी नोट लिहिली. तुलनात्मक तक्ता जोडला. शेवटी आमच्या ठराविक भाषेत 'सबब, सदर जागेचा ताबा मालकास परत देऊन व्यवसाय अन्यत्र स्थलांतरित करणे बँकेच्या हिताचे राहील' असं लिहून सही केली. नोट मंजूर झाली. साहेबांनी मसुद्याची तारीफही केली.

ती नोट आज पुन्हा लिहायला बसलो, तर मी तीच लिहीन. तिच्यात एकही आकडा चुकीचा नव्हता. अडचण एवढीच, की त्या चार पानांत जिन्याखालच्या काकांसाठी रकाना नव्हता. शाखा हलली त्या दिवशी ते फर्निचर ट्रकमध्ये चढताना बघत उभे होते. मला म्हणाले, 'साहेब, तिकडं शिक्के लागतीलच की?' मी म्हटलं, लागतील. पण बीकेसीत जिन्याखाली जागा नसते. तिथं जिनाच आग लागल्यावर वापरायचा असतो.

अशा किती नोटा त्या काळात फोर्टातल्या किती कचेऱ्यांतून निघाल्या असतील! प्रत्येक नोट तिच्यापुरती बिनचूक. शिवाय आम्ही काही बेकायदा किंवा योजनेविरुद्ध वागत नव्हतो. दक्षिण मुंबईतली गर्दी कमी व्हावी, कचेऱ्या उत्तरेला सरकाव्यात, यासाठीच तर १९७०च्या दशकात वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी सुरू झाली होती. लोकल गाड्यांना लटकून मरणारी माणसं पाहिलेल्या कोणालाही ती कल्पना पटेल. मलाही पटते. मात्र आखणी करणाऱ्यांनी कचेऱ्या कुठं जाव्यात हे ठरवलं, त्या गेल्यावर मागे काय यावं हे ठरवलंच नाही. सासरी पाठवणीची जय्यत तयारी आणि मुलगी गेल्यावर घरात कोण राहणार याचा विचार नाही, असं झालं.

रिकाम्या जागेत मग ज्याला परवडेल तो आला. १९९५ साली मुंबईनं वारसा इमारतींसाठी देशात पहिल्यांदा नियमावली केली, हे फार मोठं काम झालं. नाहीतर आज या लेखाला विषयच उरला नसता. १९९९पासून काळा घोड्याचा महोत्सव भरू लागला. दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकानदारांना बरोबर घेऊन कमानींवरच्या बेढब पाट्या बदलल्या गेल्या आणि २००४मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि परिसरातल्या ९४ इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. मला या सगळ्याचं कौतुक आहे. पण त्याच २०१८च्या फेब्रुवारीत, १९४८पासून चालत आलेलं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. ऱ्हिदम हाउस त्याआधी दोन वर्षं. नोकरदार माणूस पगाराच्या दिवशी ज्या दुकानांत तासभर रेंगाळायचा, अशी ही ठिकाणं. फाउंटनजवळच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांना तर महापालिकेनं त्याआधीच हुसकून लावलं होतं. २०११ साली सुरू झालेलं आणि आगीतूनही सावरलेलं किताबखाना हा मात्र सुखद अपवाद. तिथं गेलं की बरं वाटतं.

मुद्दा असा, की रविवारी फोटो काढायला येणाऱ्या माणसांवर कमानीखालचं कॉफीचं दुकान चालतं, वरचा तिसरा मजला चालत नाही. आणि तिसरा मजला बंद राहिला, की पाऊस छपरातून थेट खाली येऊ लागतो. वॉटसन हॉटेलचीच गोष्ट घ्या. १८६०च्या दशकात विलायतेहून सुटं लोखंड आणून उभारलेली ही इमारत. ७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. पुढं तिचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांचे गाळे झाले, वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. २०१९ साली ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. २०२०च्या जुलैत जीपीओजवळ भानुशाली बिल्डिंगचा भाग कोसळला, तेव्हा तर माणसं गेली. वारसा यादीत नसलेल्या, कोणी फोटो न काढणाऱ्या अशा इमारती फोर्टात पुष्कळ आहेत.

अशा इमारती दुरुस्त का होत नाहीत, हे कर्ज देणाऱ्या माणसाच्या नजरेनं पाहा. मालक कर्ज मागायला आला, तर मी विचारणार : परतफेड कशातून? त्याचं भाड्याचं उत्पन्न हसण्यावारी नेण्यासारखं. अर्ज नामंजूर. भाडेकरू आला, तर मी विचारणार : तारण काय? त्यानं पागडी म्हणून लाखो रुपये मोजलेले असतात, पण जागा त्याच्या नावावर नसते. अर्ज नामंजूर. दोघांकडे मिळून कोट्यवधींची मालमत्ता, आणि तिच्या छपराला डांबर लावायला दोघांपैकी कोणालाही बँक कर्ज देत नाही. मग भाडेकरू कुलूप लावून निघून जातो. जागा सोडत मात्र नाही, कारण सोडली की पागडी गेली. मालक इमारत पडायची वाट बघत बसतो. दोघंही आपापल्या जागी शहाणपणानंच वागत असतात. माझ्या नोटेसारखंच.

म्हणून मला वाटतं, फोर्टाच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात कारंजी आणि दिव्यांच्या खांबांपासून नव्हे, या कर्जाच्या अर्जापासून व्हायला हवी. मालक आणि भाडेकरू यांची मिळून एक संस्था व्हावी. पागडीला कायद्यानं ठराविक हिस्सा म्हणून मान्यता मिळावी. त्या हिश्श्यावर दुरुस्तीपुरतं कर्ज काढता यावं आणि दुरुस्त झालेल्या मजल्याचं भाडं कर्ज फिटेपर्यंत थोडं वाढावं. पाच वर्षं कुलूप असलेल्या गाळ्याला मात्र संरक्षण नको. राहत्या भाडेकरूच्या केसालाही धक्का न लावता हे करता येईल. यात बिल्डरला चाळीस मजले बांधायला मिळत नाहीत, त्यामुळं या सूचनेमागे कोणी मोठा पाठीराखा उभा राहणार नाही, हेही मी जाणून आहे.

आणि वरच्या मजल्यांवर कचेऱ्याच याव्यात असंही नाही. फोर्ट हे मुळात तटबंदीच्या आतलं नांदतं गाव. १८६०च्या दशकात गव्हर्नर फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडला, त्याआधी बझार गेटच्या बाजूला दाटीवाटीनं घरं होती. आजही बोरा बाजारात, बझार गेटच्या गल्ल्यांत संध्याकाळी खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू येते. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, जिथं त्यांचं वॉल स्ट्रीट आहे, तिथंही कचेऱ्या ओस पडल्या तेव्हा १९९५ सालापासून जुन्या कचेऱ्यांची घरं करणाऱ्यांना करात सवलत दिली गेली आणि रात्री सामसूम होणाऱ्या त्या भागात लोक राहू लागले. आपल्याकडे महागडे फ्लॅट झाले तर काही उपयोग नाही. पण नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहं, परगावाहून मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी खोल्या, एका टेबलाचा वकील किंवा दोघा-तिघांचा प्रकाशक यांना परवडेल अशा कचेऱ्या हे सारं त्या जिन्यांवर मावेल. दोन मोठी रेल्वे टर्मिनस पायी अंतरावर, खाली भुयारी मेट्रो, दीडशे वर्षांची पाण्याची-गटारांची व्यवस्था, मोठाली मैदानं. हे सगळं आपल्या वाडवडिलांच्या आणि आपल्या पैशांतून उभं राहिलंय. ते अर्धं रिकामं ठेवून दुसरीकडे नवं बांधत सुटायचं, हा हिशेब कुठल्याही लेजरात जुळणार नाही.

घाई करायला हवी, त्याला एक कारण आहे. हायकोर्ट जाणार आहे. वांद्रे पूर्वेला नव्या संकुलाचं भूमिपूजन २०२४च्या सप्टेंबरात झालं. १८७८ साली पुरी झालेली आजची इमारत कामाच्या पसाऱ्याला अपुरी पडते, पक्षकारांना बसायला जागा नसते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही मान्य व्हावं. इथंही नोट बिनचूकच आहे. पण फोर्टात कागद ज्याच्यापायी अजून तग धरून आहे, असं हे शेवटचं मोठं ठिकाण. टायपिस्ट, नोटरी, बाइंडर, झेरॉक्स, दुपारच्या जेवणाचे उडुपी हे सगळे बँका गेल्यावर कोर्टाच्या आधारानं उभे आहेत. ते गेल्यावर त्या देखण्या इमारतीत काय येणार, वकिलांच्या शेकडो चेंबर्समध्ये कोण येणार, हे आज ठरवायला हवं. काही खंडपीठं इथंच ठेवता येतील का, याचाही विचार मोकळेपणानं व्हावा. बँकांच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

दाखला देऊन निघाल्यावर जुन्या शाखेच्या इमारतीकडे गेलो. तळमजल्यावर कपड्यांचं बडं दुकान आहे. आमच्या कॅश काउंटरच्या जागी आरसे. बाजूच्या गल्लीत, एका वकिलाच्या जिन्याखाली, काकांचा मुलगा बसतो. काका करोनाच्या आधीच गेले. मुलानं रबर कोरणं सोडलंय. आता मशीनवर शिक्के होतात, आपोआप शाई लागणारे. शिवाय मोबाइलची कव्हरं, पॅनकार्डाचे अर्ज, लॅमिनेशन. त्यानं मला ओळखलं, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला.

'शिक्क्यांचं काम किती उरलंय?' मी विचारलं.

'जे आहे ते कोर्टाचंच, साहेब. वकील, नोटरी. बाकी कोण मारतंय शिक्का?' मग थोडं थांबून म्हणाला, 'कोर्ट नक्की जाणार का हो? तुम्हाला आतलं काही कळतं का?'

मी म्हटलं, आतलं नाही, पेपरात आलंय तेवढंच. भूमिपूजन झालंय. बांधून व्हायला काही वर्षं लागतील.

'मग तोवर आहे,' तो म्हणाला, आणि अफिडेव्हिटचे कागद घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.